एक्केचाळीस बिंदू

सोमवार, २८ ऑगस्ट

आज आठ तासांत द्राक्षाचं एक पान झालं नाही. लाकडातलं नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. लाकडात अठ्ठावीस वर्षं अशी पानं कोरत आलो, कधी मोजलीही नाहीत. आणि आज एका पानापुढे गुडघे टेकले.

सगळं एकदा लिहून काढतो, म्हणजे राग खाली बसेल. माझ्या जन्मगावी संत पेत्काचं चर्च आहे. तिथल्या वेदीपुढच्या मधल्या दाराला कीड लागली. दोन झडपांचं दार, त्यातून फक्त पाद्री आत जातो. दोन्ही झडपांवर द्राक्षाचा वेल आणि प्रत्येकीवर एक पक्षी, घडावर चोच रोखलेला. लहानपणी प्रार्थनेच्या वेळी मी पाद्रीकडे न बघता त्या पक्ष्यांकडेच बघत असे. नवं दार करायचं काम गावाने आमच्या कारखान्याला दिलंय. चौदा ऑक्टोबरला, संत पेत्काच्या सणाला, ते जागेवर बसलं पाहिजे.

मालक देल्चो. तो आणि मी एकाच उस्तादाकडे शिकलो. त्याने वसंतात लाकूड कोरायचं यंत्र आणलं आणि मला कोरायच्या बाकावरून उठवून कॉम्प्युटरपुढे बसवलं. का, ते सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एका देवदूताचा गाल बिघडला खरा, पण त्या लाकडात गाठ होती. हे मी त्याला दोनदा सांगितलंय.

काम असं आहे. जुन्या दाराचा फोटो पडद्यावर. त्यावर माउसने बिंदू ठेवत रेघ काढायची. यंत्र त्या रेघेवरून चालणार. वेल पूर्ण यंत्र कोरेल, पक्ष्यांचं नुसतं अंग उठवेल. पिसं, चोच आणि डोळा हातानेच.

"ते दोन पक्षी माझे, देल्चो," मी म्हणालो. "बाकी सगळं घाल तुझ्या यंत्राच्या घशात."

"आधी चित्र तर कर," तो म्हणाला. "पक्ष्यांचं मग बघू."

यात बघायचं काय आहे? कारखान्यात पक्षी माझ्याइतके कुणी केलेत? मी त्याला हे विचारलं नाही. देवा, मला विचारता आलं पाहिजे.


बुधवार, ३० ऑगस्ट

युक्ती सापडली. युक्ती कसली, आपलीच जुनी रीत.

उस्ताद आम्हाला आधी कागदावर कोळशाने चित्र काढायला लावायचे. मग त्या रेघेवर सुईने भोकं पाडायची, एकाला एक लागून. कागद लाकडावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपक्यांची रेघ उमटते. भोकं विरळ पडली की उस्ताद आपली टोपी आमच्या डोक्यावर मारत. "रेघ भोकांमधून पळून जाते, गाढवा! दाट टोच!"

तेच केलं. फोटोतल्या पानाच्या कडेने बिंदू टोचत गेलो, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. एका पानाला तीनशे सोळा. मान आखडली, पण पान हुबेहूब आलं. उद्या यंत्रावर लागेल. झेच्काला म्हणालो, बघशील तू.


गुरुवार, ३१ ऑगस्ट

बघितलं सगळ्यांनीच.

झेच्का आमचं यंत्र चालवते आणि मला कॉम्प्युटर शिकवते. चाळिशीची बाई. आधी तिचं छपाईचं दुकान होतं, ते बंद पडलं. आपल्याकडे कुणी वारलं की दारावर, खांबावर फोटोसकट सूचना चिकटवतात, त्या ती छापायची. जीभ मात्र तिची कुणी कधी बंद केली नाही.

यंत्राने टाकाऊ फळीवर माझं पान कोरलं. आवाजच वेगळा आला, अडखळत बोलणाऱ्या माणसासारखा. पान बाहेर आलं तेव्हा कडेला सगळीकडे दाते.

"राच्कोभाऊ, हे द्राक्षाचं पान की उंदराचा नाश्ता?"

"तुझ्या यंत्राला विचार."

"यंत्र बिचारं तुम्ही सांगाल तिथे थांबतं. तुम्ही तीनशे सोळा ठिकाणी थांब म्हणालात, ते थांबलं. मला बसमध्ये बसवून दर खांबापाशी उतरवलंत तर मीही अशीच हाडं मोडून पोचेन."

मग ती माझ्या खुर्चीत बसली आणि बिंदू पुसायला लागली. शंभर, दोनशे. कुणी माझ्या कोंबड्या मारतंय असं वाटलं. शेवटी नऊ उरले. प्रत्येकाला दोन बाजूंनी बारीक दांड्या असतात, ती त्यांना मिशा म्हणते. मिशी लांब ओढली की रेघ फुगते, आखडली की आवळते.

"नऊ पुरे," ती म्हणाली. "टोकांना एकेक, आणि जिथे वळण बदलतं तिथे."

"आणि मधल्या जागेचं काय?"

"मधली जागा रेघेची. जरा विश्वास ठेवा ना. चर्चला जाणारे तुम्ही की मी?"

नऊ बिंदूंची रेघ माझ्या तीनशे सोळांपेक्षा चांगली होती. हे लिहायला जड जातंय, पण वहीत खोटं लिहून कुणाला फसवायचं? उस्तादांनी टोपी मारून मारून जे शिकवलं, ते इथे उलटं आहे.


सोमवार, ४ सप्टेंबर

मिशांनी जीव घेतला.

उजवी मिशी वर ओढली की डावी आपोआप खाली जाते, तराजूच्या पारड्यासारखी. इकडचं वळण बसवलं की तिकडचं बिघडतं. तिकडे गेलो की इकडचं. पानाच्या टोकाशी मिशी तोडावी लागते, म्हणजे दोन बाजू वेगळ्या होतात. हे झेच्काने चारदा सांगितलं आणि मी पाचव्यांदा विसरलो. टोकाच्या जागी गोल बोंड आलं.

त्यात हा माउस. बिंदू बरोबर जागी नेतो, सोडायच्या क्षणी तो उडी मारतो. दर वेळी. देल्चोला म्हटलं, तुझा माउस जुना झालाय. संध्याकाळी त्याने नवा आणून टेबलावर ठेवला, पाकिटासकट. पैसे खर्च करताना तो एरवी दहा प्रश्न विचारतो.

पलीकडच्या बाकावर मिन्को असतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हात बरा, तोंड वाईट.

"काय प्रोफेसर, आज किती टिंबं पेरली?"

"तुझ्या अकलेपेक्षा जास्त."

"मग दोन झाली म्हणा की!" असं म्हणून तोच मोठ्याने हसला. त्याची खोड जात नाही.


मंगळवार, ५ सप्टेंबर

नवा माउसही तसाच निघाला. हल्ली वस्तूच वाईट बनवतात.


रविवार, १० सप्टेंबर

सकाळी प्रार्थनेला गेलो. मेणबत्त्या आता इतक्या पातळ करतात की धरल्याधरल्या मेण बोटांवर सांडतं. त्सोन्काने माझ्या हातातली घेऊन वाळूत खोचली. बायको आहे, पण चारचौघांत असं करू नये.

दुपारी शेजाऱ्यांकडे नातीचा बाप्तिस्मा होता. कोकराचं मटण, चीज भरलेली बानित्सा, आणि त्यांच्या घरची प्लमची राकिया. आमच्याकडे जुना नियम आहे, वेदीच्या लाकडावर काम चालू असेल तेव्हा दारूला शिवायचं नाही. मी तो अठ्ठावीस वर्षं पाळला. पण लाकूड अजून यंत्रावर चढलेलं नाही, आणि यजमान पेला पुढे करून उभा. दोन घेतले.

घरी न जाता आधी कारखान्यात गेलो. एक वळण डोक्यात घोळत होतं. किल्ली माझ्याकडे असते. बसलो, बिंदू उचलला, नेला, सोडला. जागेवर! दुसरा, तोही जागेवर. मिशा लोण्यातून ओढाव्या तशा आल्या. तासाभरात डाव्या झडपेचा बुंधा आणि तीन पानं झाली. आठवड्यात एवढं झालं नव्हतं.

कारण उघड आहे. रविवारी शेजारच्या खोलीतलं रंध्याचं मशीन बंद असतं. आठवडाभर ते जमीन हलवतं, जमिनीने टेबल हलतं, टेबलाने माउस. इतकं साधं आणि माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी काम केलं आणि ते चांगलं झालं, याची मात्र रुखरुख लागली आहे.


मंगळवार, १२ सप्टेंबर

देल्चोला रंध्याचं सांगितलं. वाटलं हसेल. त्याने मिन्कोला बोलावलं आणि दोघांनी माझं टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं, जिथे तो स्वतः हिशेबाला बसायचा. त्याचं सामान त्याने बाहेर लाकडांच्या ढिगाशेजारी मांडलं. मिन्कोही चेष्टा न करता गेला.

मागच्या खोलीत काहीच हलत नाही. खिडकीतल्या पेल्यातलं पाणीसुद्धा. तरी बिंदू उड्या मारतात.

झेच्का म्हणाली, "एक सरळ रेघ ओढून दाखवा. बिंदू नको, हाताने सलग." ओढली. तिने ती पडद्यावर मोठी केली, आणखी मोठी केली. सरळ रेघ नव्हतीच ती. लाट होती, एकसारखी, कंगव्याच्या दात्यांसारखी.

"बघ," मी म्हणालो, "प्रोग्रामच बिघडलाय."

तिने काही टोमणा मारला नाही. "हं," म्हणाली आणि चहा आणायला गेली. थकली असेल. माझा चहा मोठ्या मगात आणला, अर्धाच भरून. पैसे वाचवायला सुरुवात इथून केली वाटतं.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी त्सोन्का देल्चोशी बोलताना दिसली. मी गेलो तशी दोघं मिरच्यांच्या भावावर बोलायला लागली. देल्चोला मिरच्यांचा भाव कधीपासून कळायला लागला? मला घरी बसवायचं चाललंय, हे कळायला मला काही प्रोफेसर व्हायला नको.


बुधवार, २० सप्टेंबर

डावी झडप पूर्ण झाली.

माउसला हात लावायचाच नाही, असं झेच्काने शिकवलं. बिंदू एकदा निवडायचा आणि मग बाणांच्या बटणांनी सरकवायचा. एक टिचकी, एक केस वर. एक टिचकी, एक केस डावीकडे. मिशांसाठीही चौकटीत आकडे टाकता येतात. गोगलगाय बरी इतकं हळू, पण बिंदू ठेवाल तिथे राहतो.

पानं-घड सोडून बुंध्यापासून टोकापर्यंतचा वेल एक्केचाळीस बिंदूंत बसला. पहिल्या एका पानालाच तीनशे सोळा घेतले होते. शेवटचा बिंदू सरकवून हात मागे घेतला आणि बघत बसलो. रेघ दोन बिंदूंमध्ये स्वतःच चालत होती, आणि बरोबर चालत होती. उस्तादांना दाखवली असती तर टोपी मारली असती की काढली असती, कोण जाणे.

झेच्का म्हणाली, आता डावीच उलटी करून उजवीकडे लावा, एका बटणाचं काम. मी नाही म्हणालो. जुन्या कारागिराने दोन बाजू सारख्या केल्या नव्हत्या. उजवीकडचा घड जड आहे आणि वेल त्याने खाली ओढला गेलाय. ती म्हणाली, "म्हणजे आणखी आठवडा गेला."

गेला तर गेला. घरी अंगणात त्सोन्का मिरच्या भाजत होती. साली काढायला बसलो, तर तिने सुरी काढून घेतली आणि मला देठांच्या कामाला लावलं.


बुधवार, २७ सप्टेंबर

आज देल्चोशी भांडलो. शिकायला लागल्यापासून पहिल्यांदा.

दोन्ही झडपा यंत्रावरून उतरल्या. वेल असा आला आहे की बोट फिरवावंसं वाटतं. पक्ष्यांचं अंग उठलंय, पण अजून ते गोटे आहेत, पक्षी नाहीत. मी माझ्या पटाश्यांची गुंडाळी आणून बाकावर सोडली. देल्चो म्हणाला, "राच्को, पक्षी मिन्को करेल."

"काय म्हणालास?"

"मिन्को करेल. तू शेजारी उभा राहा, सांग त्याला."

"मिन्कोने आयुष्यभर टेबलाचे पायच कोरलेत! त्याचे पक्षी कोंबड्या दिसतात!"

"मी इथेच आहे बरं का," मिन्को म्हणाला.

"तू गप्प बस! देल्चो, तू शब्द दिला होतास."

"मी म्हणालो होतो, मग बघू. बघितलं."

"काय बघितलंस? त्या देवदूताच्या लाकडात गाठ होती!"

"गाठ नव्हती, राच्को." हे तो इतक्या हळू म्हणाला की मला आणखी राग आला.

मी म्हणालो, तुला यंत्र आणायचं होतं, पैसा करायचा होता, म्हणून माझा हात काढून घेतलास. तो लाल झाला. "यंत्र मी कुणासाठी घेतलं असं वाटतं तुला? बँकेत पाय धरले ते कुणासाठी?" म्हणाला आणि बाहेर निघून गेला. कुणासाठी म्हणजे? स्वतःसाठी, आणखी कुणासाठी!

घरी आलो आणि त्सोन्कावर ओरडलो. घेवड्याचं सूप खारट झालंय म्हणून. झालं नव्हतं. तिने माझी वाटी पुन्हा अर्धीच भरली आणि समोर ठेवली.


शनिवार, ३० सप्टेंबर

कारखान्याला सुट्टी होती. किल्लीने उघडून आत गेलो. दाराला हात लावला नाही. अक्रोडाच्या तुकड्यावर पक्षी करायला घेतला, देल्चोपुढे आपटायला.

डोळा हा सगळ्यात शेवटचा घाव. बारीक गोल पटाशी टेकवायची आणि एकदाच मनगट फिरवायचं. टेकवताना पटाशी घसरली. पहिल्या पक्ष्याचा डोळा गालावर गेला. म्हटलं, पटाशीची धार गेली. धार लावली. दुसऱ्याचा फुटला. म्हटलं, उजेड बरोबर नाही. खिडकीशी गेलो. तिसरा. मग म्हटलं, लाकूड कोरडं आहे. लाकूड बदललं. चौथा.

पाचव्या वेळी पटाशी टेकवली आणि फिरवलीच नाही. नुसती बघत राहिलो. पटाशीचं टोक लाकडावर लहान लहान ठोके देत होतं, कुणी दार वाजवावं तसं. रंधा बंद होता. माउस नव्हता. प्रोग्राम नव्हता. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला उरलं नाही.

घरी येऊन त्सोन्काला सांगितलं. ती म्हणाली, "मंगळवारची वेळ घेतली आहे गाब्रोवोच्या डॉक्टरीणबाईंची." कधी घेतलीस विचारलं. "जूनपासून तिसऱ्यांदा घेतली आहे," म्हणाली.


मंगळवार, ३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असाव्यात, मुलगी असती तर. हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. ते टेबलावर सांडलं. त्यांनी आधीच खाली कागद घातला होता.

मग एक कोरा कागद दिला. "मधून सुरुवात करा आणि बाहेर बाहेर जात एक चक्री काढा. हात टेकवायचा नाही."

वेलाचे ताणे मी हजारो काढले असतील. ही चक्री काढली ती काटेरी तारेसारखी आली. मी म्हणालो, "बाई, मला सहा बिंदू ठेवू द्या, मी तुम्हाला ही अशी काढून देतो की बघत राहाल." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमची चक्री मला सुंदर नकोय, खरी हवी आहे."

म्हणाल्या, जीवघेणं नाही. हळूहळू वाढतं. गोळ्या आहेत, कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. मग विचारलं, "एखादा पेला घेतल्यावर हात थांबतो का?"

बाप्तिस्म्याचा रविवार आठवला. हो म्हणालो.

"तासभर थांबतो आणि मग जास्त सुटतो. त्या वाटेने जाऊ नका. घरात आणखी कुणाला होतं का?"

नाही, म्हणायला तोंड उघडलं आणि वडील आठवले. माझे वडीलही कोरीव कामच करायचे. सकाळी सातला त्यांच्या तोंडाला वास यायचा. दुसऱ्या एका गावच्या चर्चच्या कामावरून त्यांना त्यासाठी हाकललं होतं. तेव्हा मी बारा वर्षांचा. त्यानंतर ते जाईपर्यंत मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. दारूपायी त्यांनी काम घालवलं, असं मी समजत होतो. ते कामासाठी दारू घेत असतील, हे मला एकदाही सुचलं नाही.

"वडिलांना," मी बाईंना म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

बसमध्ये त्सोन्काने माझा हात धरला होता. मी काढून घेतला नाही.


शनिवार, ७ ऑक्टोबर

गोळ्या चार दिवस घेतल्या. फरक नाही. सणाला आठवडा उरलाय. डाव्या झडपेचा पक्षी मिन्कोने केला. कोंबडी नाही झाली, कबूल करतो. जरा खाऊन-पिऊन सुखी दिसतो एवढंच.

आज दुपारी स्वयंपाकघरात बसून मी राकियाचे दोन पेले ओतले. प्यालो. त्सोन्का बघत होती. वीस मिनिटं थांबलो, मग अक्रोडाचा तुकडा घेतला आणि पक्षी कोरला.

लिहितो ते खरं आहे. आयुष्यात इतका चांगला पक्षी माझ्या हातून झाला नव्हता. मान, पिसांच्या ओळी, डोळा एका फिरकीत. हात दगडासारखा स्थिर. म्हणजे तो आहे. आत कुठेतरी पूर्ण आहे.

मग दुसरा घेतला. अर्ध्यात हात पुन्हा सुटला, आधीपेक्षा जोरात. तिसरा पेला समोर होता. सोमवारी उजव्या झडपेवर असंच करता आलं असतं. दोन पेले, एक तास, माझा पक्षी. कुणाला कळलंही नसतं. मला पक्षी चांगला व्हायला हवा होता, की पक्ष्यावर माझा हात हवा होता, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर चांगलं आलं नाही.

तिसरा पेला तसाच ठेवला. दुपारच्या बसने गावी गेलो. आपल्याकडे कबरीवर वाइन ओततात. वडिलांच्या कबरीवर मी दर वर्षी ओततो, थेंबभर, लोक बघतात म्हणून. आज पूर्ण बाटली ओतली. आणि बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.


गुरुवार, १२ ऑक्टोबर

सकाळी देल्चोकडे गेलो. माफी मागायची होती, शब्द जुळवले होते. तो म्हणाला, "टेबल मागच्या खोलीत राहू दे. मला लाकडांपाशी हवा चांगली लागते." झालं.

उजव्या पक्ष्याची पिसं आणि चोच मिन्कोने काल संपवली होती. डोळा ठेवला होता.

"घे," म्हणून त्याने बारीक गोल पटाशी माझ्यापुढे धरली. "हा तू कर. कुणाला सांगणार नाही."

मी पटाशी घेतली. टोक लाकडापासून बोटभर वर धरलं. दोघांनीही बघितलं. मी ती परत त्याच्या हातात दिली.

"तू टेकव. मी सांगतो."

हा डोळा म्हणजे सोपं प्रकरण नाही. केसभर पुढे गेला की पक्षी दाराबाहेरच्या माणसांकडे बघतो, मागे गेला की कुणाकडेच बघत नाही. जुन्या दारावर तो घडाकडे बघायचा. उजवा घड जड म्हणून खाली, तेव्हा डोळाही खाली हवा. मिन्कोने पटाशी टेकवली.

"एक केस वर," मी म्हणालो.

"झालं."

"आता डावीकडे. अर्धा. अर्धा म्हटलं मी! परत ये."

"आलो."

"खाली. आणखी. नाही, जास्त झालं."

"राच्को, मी माणूस आहे, तुझा माउस नाही!"

"माउस तुझ्यापेक्षा कमी बोलतो. एक केस खाली."

झेच्का दारात येऊन उभी होती. "मिशा पण ओढून घ्या त्याच्या," ती म्हणाली. मिन्को हसला आणि टोक हललं. मी ओरडलो. पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं पाव तास गेला. मिन्कोच्या कपाळावरून घाम दाढीत उतरत होता आणि त्याचा हात, देव त्याचं भलं करो, जराही हलत नव्हता. मी त्या हाताकडे बघत होतो. मत्सर वाटला. अजूनही वाटतोय. तो कमी व्हावा म्हणून उद्या पाद्रींपाशी बोलेन.

"थांब," मी म्हणालो. "इथेच."

"नक्की?"

"नक्की. एकदाच फिरव. पुसायचं नाही, परत जायचं नाही."

त्याने श्वास आत घेतला आणि मनगट फिरवलं. ढलपी कागदाच्या बारीक गोळीसारखी बाहेर आली. त्याने फुंकर मारली आणि बाजूला झाला. मी वाकलो.

पक्षी माझ्याकडे बघत नव्हता. मिन्कोकडेही नाही. द्राक्षाकडे बघत होता.